पंधरा किलोंत वाळवंट

हानलेला जाणाऱ्याने एकच वस्तू निर्धास्तपणे घरी ठेवावी, ती म्हणजे दुर्बीण. तिथे दुर्बिणींची चंगळ आहे. लडाखच्या आग्नेय कोपऱ्यात, समुद्रसपाटीपासून ४५०० मीटर उंचीवर भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. तिथे दोन मीटर व्यासाच्या आरशाची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. पवईच्या आयआयटीची भागीदारी असलेली ‘ग्रोथ-इंडिया’ आहे. ‘हगार’ नावाचा सात दुर्बिणींचा ताफा आहे, त्याला कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा हातभार लागलाय. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राची ‘मेस’, जिचा व्यास २१ मीटर आहे. हजारो प्रकाशवर्षांपलीकडे काय चाललंय ते तिथून कळतं. पण नखाचा कोपरा मोडून लोकरीच्या मोज्यात अडकायला लागला, की नेलकटर कुठे? तर अडीचशे किलोमीटरवर, लेहच्या बाजारात.

दूरच्या संशोधन केंद्रांचं हे असंच असतं. मोठ्या वस्तू सरकार पुरवतं, बारीकसारीक वस्तू आईने पुरवायच्या. अडचण एवढीच की त्या वाळवंटात कोणती बारीक वस्तू लागेल हे आईला ठाऊक नसतं आणि शास्त्रज्ञाला सुचत नाही.

माझी भाची मुंबईत खगोलशास्त्रात पीएच.डी. करते. दुर्बिणीला लावायच्या एका कॅमेऱ्याची चाचणी घ्यायला तिला हानलेला जायचं होतं. ही बातमी तिने डोंबिवलीच्या घरात, आमटी वाढून घेता घेता सहज सांगितली. ताईची पळी हवेतच राहिली. “तिथे जेवायला काय मिळतं?” हा तिचा पहिला प्रश्न. पुढचा मुद्दा भावोजींचा आणि तसा बिनतोड होता. ती दोन मीटरची चंद्र दुर्बीण बेंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. ते खरंच आहे. तिच्यातून आकाश बघणारे कित्येक शास्त्रज्ञ हानलेचं तोंडही न पाहता होसकोटेत बसून काम उरकतात.

“मग तू होसकोटेला जा ना,” ताई म्हणाली. “बेंगळुरूला मावशी आहे.”

“आई, कॅमेरा बसवायला हात लागतात. ते उपग्रहातून पाठवता येत नाहीत.”

“आणि अख्ख्या देशात तुझेच हात मोकळे आहेत का?”

हात पक्के झाले, मग सामानाला सुरुवात झाली. भावोजींचं वाळवंट म्हणजे जैसलमेर. ते फार वर्षांपूर्वी एका सहलीत उंटावर बसून आले, तेव्हापासून वाळवंट या विषयातले घरातले अधिकारी तेच. त्यांनी फर्मान काढलं, “सुती कपडे ने. फिक्या रंगाचे. आणि गॉगल.” यातला गॉगल बरोबर निघाला. हानलेचं वाळवंट थंड आहे. भर हिवाळ्यात तिथे रात्री पारा उणे २० च्याही खाली जातो. ते वाळवंट ठरतं ते उन्हामुळे नाही, कोरडेपणामुळे. वर्षभराचा पाऊस आणि बर्फ एकत्र केला तरी दहा सेंटिमीटर भरत नाही. सांताक्रूझला २६ जुलै २००५ या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला होता. तेवढा पडायला हानलेला नऊ-दहा वर्षं लागतील. दुर्बिणी तिथे चढवल्या त्या याच कारणाने. हवेतली वाफ ताऱ्यांकडून येणारा अवरक्त प्रकाश मधल्यामध्ये गिळते, आणि हानलेच्या हवेत गिळणारं फारसं कुणी नाही.

आता जागा अशी कोरडीठाक आणि बॅग भरणारे आम्ही डोंबिवलीकर. आमचा जन्म ओलीशी भांडण्यात गेलेला. चिवडा सादळू नये, पापड मऊ पडू नयेत, मिठाला पाणी सुटू नये, चपलांवर बुरशी धरू नये, आषाढात वाळत घातलेली चादर निदान श्रावणात तरी वाळावी, एवढ्याच आमच्या आकांक्षा. कोरडेपणा हासुद्धा शत्रू असू शकतो ही कल्पना त्या घरात कुणाला शिवलेलीच नव्हती. त्यामुळे भावोजींनी प्रत्येक मोज्याचा जोड वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली. स्वेटरच्या घडीत डांबराच्या गोळ्या सोडल्या. बॅगेच्या तळाला पेपर अंथरला. घडीची छत्री घातली. भाचीने ती काढली. त्यांनी परत घातली. “नसू दे पाऊस. छत्री काय खायला मागते?” छत्री खायला मागत नव्हती, पण तिला वजन होतं. त्याचं पुढे सांगतो.

भाचीच्या सरांनी एक यादी धाडली होती. उबदार आतले कपडे, जाड जाकीट, गॉगल, सनस्क्रीन, मॉइश्चरायझर, ओठांना लावायचा बाम, डोळ्यांत घालायचे थेंब, लाल उजेडाची टॉर्च. आजीने ती यादी मोठ्याने वाचून घेतली आणि विचारलं, “ही संशोधनाची यादी आहे की नवरीच्या रुखवताची?” ताईने पान उलटून मागे पाहिलं. मागे कोरं होतं. “यात खायचं काहीच नाही. दुसरं पान पाठवायचं राहिलं असणार त्यांचं.” मग ते दुसरं पान तिने स्वतः लिहायला घेतलं.

त्याआधी प्रश्न आला मुहूर्ताचा. आजीने भिंतीवरचं कालनिर्णय उतरवून मांडीवर घेतलं आणि कामाच्या तारखा विचारल्या. भाचीने सांगितल्या. आजीने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. “अगं, ही तर अमावास्या. चांगल्या कामाला कुणी अमावास्या धरतं का?”

“आजी, आमचं काम अमावास्येलाच चांगलं होतं. चंद्र असला की अंधुक तारे दिसत नाहीत.”

आजी या उत्तराने निम्मी गार झाली. उरलेली निम्मी पुढच्या माहितीने. ती अमावास्या साधीसुधी नव्हती, आश्विनातली होती. म्हणजे लक्ष्मीपूजन. ऐन दिवाळीत नात घराबाहेर, आणि तीही कुठे? तर डिसेंबर २०२२ मध्ये जो मुलूख ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणून जाहीर झाला त्याच्या मधोमध. १०७३ चौरस किलोमीटरच्या या पट्ट्यात रात्रीचा अंधार जपायचा असतो. खिडक्यांना जाड पडदे, बाहेरच्या दिव्यांना वरून झाकण, गाड्यांचे दिवे खाली. वाघांसाठी राखीव जंगल असतं तशी ही अंधारासाठी राखीव जागा. आणि ताईने तोवर बॅगेत दोन डझन पणत्या, वातींचं पाकीट आणि घडी होणारा आकाशकंदील ठेवून दिला होता.

“आई, तिथे बाहेर दिवे लावायचे नसतात.”

“लक्ष्मीपूजनाला सुद्धा?”

“लक्ष्मीपूजनाला तर मुळीच नाही. त्या रात्री सगळ्यात जास्त काम असतं.”

“मग एवढ्या अंधारात लक्ष्मीला दार दिसायचं कसं?” आजीने विचारलं. संस्थेच्या नियमांमध्ये यावर काही तरतूद नव्हती. शेवटी तोडगा आजीनेच काढला. यादीत टॉर्च लाल सांगितली आहे ना, मग पणतीलाही लाल कागद गुंडाळायचा. भाचीने हसत हसत एक पणती आणि एक लाल जिलेटिनचा कागद बॅगेत घातला. लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे फारसे बिघडत नाहीत, हे आजीला कुणीच सांगितलं नव्हतं.

आता वजन. देशातल्या विमानात साध्या तिकिटावर पोटात जाणारं सामान पंधरा किलो. त्यातले काही किलो कॅमेऱ्याच्या केबल, पाने, स्क्रू ड्रायव्हर आणि फोमच्या ठोकळ्यांनी आधीच बळकावलेले. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या त्या सामानात चालत नाहीत, त्या हातातल्या पिशवीत न्याव्या लागतात. म्हणजे ती पिशवीही गेली. उरलेल्या जागेत एका बाजूने लोकर घुसत होती आणि दुसऱ्या बाजूने फराळ. लोकर दबते, बेसनाचा लाडू दबत नाही. शंकरपाळ्यांचा डबा, चकल्यांचा डबा, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, चार दिवस टिकतील म्हणून तेल लावून केलेल्या पोळ्या. भाची एक डबा काढायची, पाणी प्यायला आत जायची आणि बाहेर येईपर्यंत दोन डबे वाढलेले असायचे.

वजन करायला भावोजींनी खालच्या रद्दीवाल्याचा आकड्याचा काटा मागून आणला. या काट्याबद्दल त्यांचं मत वर्षानुवर्षं वाईट आहे. तो नेहमी कमी दाखवतो, अशी त्यांची तक्रार. त्या दिवशी मात्र काट्याने बॅग तेरा किलो दाखवली आणि भावोजींना रद्दीवाल्याविषयी प्रथमच आदर वाटला. “बघ, अजून दोन किलो बसतील,” असं म्हणून त्यांनी छत्री परत आत ढकलली. विमानतळावरचा काटा रद्दीचा धंदा करत नसल्यामुळे छत्री अखेर भावोजींबरोबरच डोंबिवलीला परत आली.

खोबऱ्याचा मामला वेगळा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमान कंपन्या सामानात घेत नाहीत. खोबऱ्यात तेल भरपूर, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून. ताईला हा सरळसरळ आपल्या जातिवंत रत्नागिरी खोबऱ्याचा अपमान वाटला. तिने त्या वाट्या किसल्या, भाजल्या, लसूण आणि तिखट घालून कुटल्या आणि चटणीची बरणी भरली. रूप बदललेलं खोबरं कायद्याने ओळखलं नाही. तूपही असंच. हातातल्या पिशवीत ते पातळ पदार्थात मोजतात आणि शंभर मिलिलिटरवर नेऊ देत नाहीत. म्हणून ते तीन पिशव्यांच्या आत गाठी मारून खालच्या बॅगेत गेलं. आजीने मात्र एक चपटी डबी वेगळी दिली. “हे खायचं नाही. रात्री झोपताना दोन थेंब नाकात.” भाचीने मान हलवली, जशी ती आजीच्या सगळ्याच औषधांना हलवते.

मग कुकर. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्याही आत येतो, त्यामुळे पाणी साधारण ८५ अंशांवरच उकळतं. खळखळा उकळतं, पण डाळ शिजत नाही. हे ऐकून आजीने त्या पाण्यावरच संशय घेतला. ताईने माळ्यावरून दोन लिटरचा कुकर काढला. तिथे स्वयंपाकघर आहे, स्वयंपाक करणारा माणूस आहे, आणि लडाखात कुकरशिवाय कुणाचाही संसार चालत नाही, हे समजावण्यात एक संध्याकाळ गेली. कुकर माळ्यावर परत गेला, पण त्याची शिट्टी ताईने हळूच बॅगेच्या कप्प्यात सारली. तिथल्या कुकरची शिट्टी बिघडली तर? यावर कुणालाही प्रतिवाद करता आला नाही.

औषधांच्या बाबतीत समोरच्या काकू पुढे सरसावल्या. त्यांनी कापराची पुरचुंडी आणली. ती हुंगली की ऑक्सिजन वाढतो, असा संदेश त्यांच्या फोनवर होता. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन आहे तिथेच राहतो. डॉक्टरांनी डायमॉक्सच्या गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, की ३५०० मीटरवरच्या लेहला पोचल्यावर निदान दोन दिवस काही करू नकोस. फिरू नकोस, जिने चढू नकोस, नुसती पडून राहा. काहीही न करणं हा वैद्यकीय सल्ला असू शकतो हे कळल्यावर भावोजींच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच समाधान दिसलं. कापराची पुरचुंडी मात्र घरीच देवापुढे ठेवली गेली, कारण पेट घेणारे पदार्थ विमानात चालत नाहीत.

इतकं सगळं लिहिल्यावर मी ताईची थट्टा करतोय असं वाटेल. तसं अजिबात नाही. शास्त्रज्ञांच्या हाती बॅग दिली की काय होतं याचा दाखला इतिहासात आहे. स्वेन हेडिन हा स्वीडिश संशोधक १८९५ साली मध्य आशियातलं तकलामकान वाळवंट ओलांडायला निघाला. उंटांवर उपकरणं होती, कॅमेरा होता. पाणी दहा दिवसांचं भरायला सांगितलं होतं, ते भरलं गेलं चार दिवसांचं, आणि हे ध्यानात आलं वाळवंटाच्या मध्यावर. शेवटी या गृहस्थाने स्टोव्हचं स्पिरिट पिऊन पाहिलं. माणसं गेली, उंट गेले. तो स्वतः कसाबसा नदीच्या पात्रातल्या एका डबक्यापर्यंत पोचला आणि मागे पडलेल्या सोबत्यासाठी बुटांत भरून पाणी घेऊन गेला. बूट तेवढे चांगले होते. निघताना एखादी आई सोबत असती तर प्रत्येक पखाल तिने स्वतः हलवून पाहिली असती. आमच्या भाचीने आपल्या हाताने भरलेल्या पिशवीत सात प्रकारच्या केबल होत्या आणि पाण्याची बाटली नव्हती. ती ताईने घातली.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच यादीत नव्हती. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखात चालत नाही, पोस्टपेड लागतं. घरात पोस्टपेड एकट्या भावोजींचं. ते भाचीच्या फोनमध्ये गेलं आणि त्या सगळ्या काळात भावोजींच्या बँकेचे ओटीपी हानलेला पोचत राहिले. विजेचं बिल भरायचं म्हणजे इकडून ताईच्या फोनवरून निरोप, तिकडे रेंज असेल तर सहा आकडे परत, तोवर ओटीपीची मुदत संपलेली. देशातल्या सर्वांत उंच वेधशाळेत बसून एक मुलगी महावितरणची थकबाकी निस्तरत होती.

तिचे निरोप येऊ लागले तसा आमच्या सामानाचा निकाल लागत गेला. समुद्रकाठच्या हवेत बंद केलेली फरसाणाची पाकिटं वर जाऊन टम्म फुगली. मॉइश्चरायझरची नळी उघडताच निम्मी बाहेर आली. खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे ते हानलेत कधी पातळ झालंच नाही, चमच्याने खरवडून काढावं लागलं. डब्याबाहेर राहिलेल्या पोळीचा तासाभरात खाकरा झाला. लोकर आणि नायलॉन अंगावर घालून कोरड्या हवेत चार पावलं चाललं, की दाराच्या कडीला हात लावताच चटका बसायचा. अशा झटक्याने कॅमेऱ्याची इलेक्ट्रॉनिक्स जळू नये म्हणून मनगटाला बांधायचा जमिनीला जोडलेला पट्टा तिच्याकडे होता. स्वतःसाठी तशी सोय नव्हती. थंडीत बॅटऱ्या लवकर मान टाकतात म्हणून त्या रात्री तिच्या पांघरुणात झोपायच्या. डांबराच्या गोळ्यांचा वास वेधशाळेच्या जेवणघरापर्यंत पोचला होता.

पण चिवडा! तो चिवडा शेवटच्या दाण्यापर्यंत कुरकुरीत राहिला. डब्याचं झाकण उघडं राहिलं तरी कुरकुरीत. हे ऐकून ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर चिवडा करणाऱ्या बाईने आयुष्यभर ज्याची स्वप्नं पाहिली, ती हवा देशाच्या पार दुसऱ्या टोकाला सापडली होती. लक्ष्मीपूजनाच्या रात्री, पडदे ओढलेल्या जेवणघरात, लाल कागद गुंडाळलेल्या पणतीसमोर तिथल्या लडाखी मंडळींनी चकल्या संपवल्या आणि तिला सुक्या जर्दाळूंची पिशवी भरून दिली. शिवाय नाक. कोरड्या हवेने पहिल्याच दिवसांत नाकातून रक्त आलं, ओठ फुटले. सनस्क्रीन, बाम, थेंब सगळं झालं, आणि मग तिने आजीची चपटी डबी उघडली. नाकातलं तूप चाललं. नंतर त्या डबीत तिच्या सरांनीही बोट घातलं, असं तिने कळवलं. आजीने हा निरोप तीनदा वाचून घेतला. प्रत्येक वेळी ‘सर’ या शब्दावर थांबून.

तुमच्यापैकी कुणी हानलेला निघालं असेल, तर दोन मोज्यांमागे एक व्हॅसलीनची डबी धरा, पोस्टपेड सिम घ्या, नेलकटर विसरू नका आणि लेहमधला आराम चुकवू नका. चिवडा जास्त न्या, तिथे तो वाटला जातो. टॉर्चला लाल कागद लावा. गाडीने जात असाल तर रात्री दिवे खाली ठेवा, कारण तुमच्या एका हेडलाइटने कुणाची तरी अख्ख्या महिन्याची अमावास्या वाया जाते. आकाशकंदील मात्र डोंबिवलीलाच लावा. इथल्या आकाशात बिघडण्यासारखं काही उरलेलं नाही.